शिकेकाईपंत

पंत भेटले की ‘काय, कसं काय?’ एवढं विचारायचीही सोय नाही. ते लगेच मान खाली घालून डोकं पुढे करतात आणि म्हणतात, “ओढा.” नवखा माणूस गांगरतो. पंत नमस्कार करताहेत असं वाटून एक-दोघांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ‘शतायुषी व्हा’ म्हटल्याचंही मी ऐकलं आहे. पण पंतांना आशीर्वाद नको असतो, त्यांना पुरावा द्यायचा असतो. “ओढा हो, बिनधास्त ओढा. एक केस हातात आला तर सांगा. सहा वर्षं झाली, शाम्पूचा थेंब लागलेला नाही या डोक्याला!” माधवन पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या मंडळींनी पंतांचे केस ओढून झाले आहेत. उरलेली निम्मी मंडळी ते लांबून दिसले की दुसऱ्या फाटकाने बाहेर पडतात.

ही जात तशी सगळीकडे आढळते. कोथरूडला आहे, पार्ल्यात आहे, नाशिकला गंगापूर रोडवर हल्ली बरीच फोफावली आहे म्हणतात. पण बेंगळुरूतल्या जयनगरची हवा तिला जशी मानवते तशी दुसरीकडची नाही. १९४८ साली आखलेली ही वस्ती. रुंद रस्ते, वर झाडांची कमान, जागोजागी बाग, बागेत बाक, आणि बाकावर ऐकून घ्यायला रिकामा असलेला निवृत्त माणूस. निसर्गाच्या प्रचाराला आणखी काय लागतं? त्यात गाठीला संगणकाच्या नोकरीतला पैसा आणि घरून काम करायची सवलत. पंत मूळचे सांगलीचे. वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाले, नोकरीपायी बेंगळुरूला आले आणि फोर्थ टी ब्लॉकमध्ये एका कन्नड अज्जींच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले ते राहिलेच. मी समोर राहतो. त्यांचं खरं नाव आता पॅन कार्डापुरतं उरलं आहे. मराठी मंडळींचे ते शिकेकाईपंत, आणि कन्नड शेजाऱ्यांचे ‘सीगेकायी सार्’.

केस मात्र आहेत, नाही म्हणायची सोय नाही. पन्नाशी दिसायला लागली तरी कपाळावर दाट झुपका, मानेवर रुळणारे, भांग पाडला तर खालची कातडी दिसू नये असे. फक्त त्या केसांत कायम काहीतरी सापडतं. शिकेकाईची पूड कितीही धुतली तरी तिचे तपकिरी कण मुळाशी बसून राहतात आणि केस वाळले की एकेक करून खाली उतरतात. ऑफिसच्या बैठकीत पंत एखाद्या मुद्द्यावर जोरात मान हलवतात आणि लॅपटॉपच्या कळांवर कण पडतात. एका तरुण सहकाऱ्याने अत्यंत संकोचाने त्यांना कोंड्याच्या औषधाचं नाव लिहून दिलं होतं. पंतांनी त्याला तिथल्या तिथे डोकं ओढायला लावलं.

आता हे वेड लागलं कसं, ते सांगायला हवं. बेंगळुरूला नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जी माहिती मिळते, तिच्यात ‘इथल्या पाण्यानं केस जातात’ हे असतंच असतं. कार्यालयात, लिफ्टमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे हेच. शिवाय प्रत्येक जण स्वतःचं डोकं दाखवून सांगतो, त्यामुळे अविश्वास दाखवता येत नाही. नळाला येणारं पाणी कावेरीचं. तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटर वाहून, अर्धा किलोमीटर उंची पंपांनी चढवून ते या पठारावरच्या शहरात येतं. १९७४ साली पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून हा द्राविडी प्राणायाम चालू आहे. हे पाणी बरं. पण शहर वाढलं, कावेरी पुरेना, मग लोक जमिनीत भोकं पाडत सुटले. बोअरवेलचं पाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. साध्या साबणाची त्यांच्याशी गाठ पडली की फेसाऐवजी चिकट पांढरा साका होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ होतात हे खरं, तुटतातही. मुळापासून उपटून येत नाहीत. टक्कल बहुतेकांना आईवडिलांकडून येतं. पण वडिलांवर राग धरण्यापेक्षा पाण्यावर धरलेला बरा, म्हणून शहराने तो तसा धरला आहे.

पंतांनी तो शाम्पूवर धरला. खरं म्हणजे जड पाण्याचा हा साका शाम्पूने होत नाही. शाम्पू हा साबणच नव्हे, त्यातली फेसाळणारी द्रव्यं जड पाण्यातही काम करतात. मी पंतांना हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. पंत शांतपणे म्हणाले, “म्हणजे किती जहाल असेल बघा!”

तरी ते एकदम शिकेकाईला पोचले नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांप्रमाणे त्यांना घरची वाट परदेशातून सापडली. कंपनीने कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं, तिथे शाम्पू सोडलेली काही गोरी मंडळी भेटली. त्यांचा विधी असा: खायच्या सोड्याच्या पाण्याने डोकं धुवायचं आणि वरून सफरचंदाचा सिरका. पंतांनी परतल्यावर तो सुरू केला. डोक्याची त्वचा जात्याच थोडी आंबट, साडेपाचच्या आसपास सामू असलेली. सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या वर. केसावरची खवलं उघडी पडून एकमेकांत अडकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात कंगवा घातला तो अर्ध्यावर रुतला आणि निघेना. त्या दिवशी व्हिडिओ बैठकीत पंत टोपी घालून बसले होते आणि टोपीला एका बाजूला टेंगूळ होतं.

मग देशी प्रयोग आले. डाळीचं पीठ दह्यात कालवून लावलं आणि गीझरचं कढत पाणी ओतलं. कढत पाण्यात डाळीच्या पिठाचं काय होतं हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. पंतांच्या डोक्यावर पिठलं शिजलं. मग कर्नाटकात राहतो तर इथल्या मातीशी इमान राखावं म्हणून नाचणीचं पीठ. रात्री उशीवर मुंग्या आल्या. मुलतानी माती, तांदळाचं धुवण, ताक. ताकाचं फारसं बोलायला नको, कारण त्या दिवसांत मीही दुसऱ्या फाटकाने जात असे.

आणि मग शिकेकाई.

इथे माझं मत नोंदवून ठेवतो. शिकेकाईत वाईट काही नाही. सह्याद्रीच्या रानातली ही काटेरी वेल, तिच्या शेंगांत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्यं असतात, रिठ्यात तर ती भरपूर. मळ निघतो, पण केस कोरडेठणक पडत नाहीत. जड पाण्यात साका होत नाही. सराफ रिठ्याच्या पाण्यात सोनं धुतो, बायका पैठण्या धुतात, आणि इथल्या बायका मैसूर सिल्क. माझी आजी शुक्रवारी याच पाण्याने न्हायची. पण तिने कधी कुणाला केस ओढायला लावले नाहीत. न्हाणं ही शुक्रवारी सकाळी उरकायची गोष्ट होती, आठवडाभर पुरवायचा विषय नव्हता.

पंतांकडे तो शनिवारी दुपारी सुरू होतो. सुरू पंत करतात. स्वयंपाकघराच्या फळीवर त्यांच्या अकरा बरण्या आहेत: शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कचोरा, मेथी, संत्र्याची साल, वाळवलेली जास्वंद आणि आणखी काय काय. या बरण्यांना जागा व्हावी म्हणून साखर फ्रिजच्या डोक्यावर गेली आहे आणि पोहे बेडरूममध्ये. पंत चष्मा लावून काट्यावर मापं घेतात, लोखंडी कढईत रिठे आणि शिकेकाई भिजत घालतात, वर आवळकाठी टाकतात आणि हात धुऊन म्हणतात, “झालं! किती सोपं आहे बघा. माणसानं साधं जगावं.”

इथून पुढचं साधं जगणं पंतांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या वाट्याला येतं. आवळ्यामुळे रात्रभरात कढईतलं पाणी काळंकुट्ट होतं. सकाळी ते गॅसवर चढतं. रिठ्याचं पाणी उकळलं की दूध परवडलं, अशा वेगाने वर येतं. एक क्षण पाठ फिरवली की शेगडीवर फेस आणि फेसाखाली विझलेला जाळ. मग ते शिजलेलं कुस्करायचं, जुन्या पंचातून गाळायचं, पंचा पिळायचा. पंचा पिळला की पुन्हा फेस येतो, तो संपतच नाही. चोथा तुळशीला घालायचा नाही, कारण पंतांनी तो ‘दुसऱ्या काढ्यासाठी’ ठेवलेला असतो. कढई घासायची. न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवरचे तपकिरी ओघळ घासायचे. महिन्या-दीड महिन्याने जाळीखाली साचलेला चिकट गोळा काढायचा. कामाला येणाऱ्या अम्मांनी या सगळ्याला एकदा नकार दिला आणि मग पगारात वेगळी वाढ मागून घेतली. वहिनी तिला ‘शिकेकाई भत्ता’ म्हणतात. पंतांच्या हिशेबात हा खर्च धरलेला नाही. ते आजही सांगतात की शाम्पूच्या बाटलीच्या निम्म्या पैशांत त्यांचं डोकं धुतलं जातं.

सुरुवातीला ते सगळं मिक्सरवर दळत. रिठ्याची बी न काढता दळली तेव्हा मिक्सरचं पातं तुटलं आणि भांड्याच्या बाहेर येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसलं. शिकेकाई दळायची म्हणजे घरभर शिंका. खाली अज्जी शिंकायच्या, समोर आम्ही. एकदा अज्जींनी आपल्या कुठल्याशा भाचीला बघायला आलेल्या लोकांसमोर इतक्या शिंका दिल्या की पाहुणे अपशकुन झाला म्हणून उठायला लागले. आणि एकदा वहिनींच्या आई आल्या असताना धने-जिऱ्याची पूड समजून आमटीत भलतीच बरणी पडली. आमटीला फेस आला. कडू झाली ती वेगळीच. पंत म्हणाले, “घाबरायचं काही कारण नाही, सगळं नैसर्गिक आहे.” वहिनी म्हणाल्या, “धोत्राही नैसर्गिकच असतो.”

कच्चा माल आणायला ते गांधी बझारकडे जातात. या भागात काष्ठौषधींच्या दुकानाला ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणतात. मुळ्या, साली, शेंगा, पूजेचं सामान, सगळं गोण्यांत आणि डब्यांत. पंत तिथे खरेदी करत नाहीत, तपासणी करतात. शेंग मोडून वास घेतात, रिठा कानाशी धरून हलवतात, आत बी खुळखुळली पाहिजे. मी एकदा बरोबर होतो. दुकानदाराने त्यांना यथास्थित मोडू दिलं, हलवू दिलं, आणि मग अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, “रेडीमेड पुडी इदे, सार्.” तयार पूड आहे, साहेब. पंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी त्यांना सांगितलं की तयार पूड म्हणजे काही पाप नाही. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफने १९०३ साली पहिल्यांदा शाम्पू विकला तो पुड्यांत बांधलेली पूडच होती. म्हणजे शाम्पूसुद्धा पंतांच्या मार्गानेच आला म्हणायचा. इकडे तमिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर ‘चिक’ शाम्पूच्या छोट्या पुड्या सुरू केल्या आणि खेड्यापाड्यांत बाटली न परवडणाऱ्या माणसाला शाम्पू मिळाला. आणि त्याच कंपनीची ‘मीरा’ नावाची केस धुण्याची पूडही दक्षिणेत घरोघर गेली. शाम्पू आणि शिकेकाई एकाच घराण्यात सुखाने नांदतात, पंतांनी कशाला भांडावं?

“धंदेवाले ते,” पंत म्हणाले, “त्यांना काय.”

मी म्हटलं, बरं, निदान शिकेकाईचा साबण वापरा. आपल्या खानदेशातली गोष्ट आहे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली विप्रो कंपनी पुढे याच बेंगळुरूत येऊन संगणकातली बडी झाली, पण साबण तिने बरीच वर्षं सोडला नाही. शिकेकाईचा साबणही तिने विकला. तुमच्या धंद्याचं आणि तुमच्या डोक्याचं इतकं गोत्र जमलेलं दुसरं काय मिळणार? पंत गंभीर झाले. वडीत क्षार असतो, क्षार म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे पाश्चात्त्य, असं त्यांनी तिथेच चढत्या क्रमाने सिद्ध केलं. म्हैसूरच्या महाराजांनी १९१६ साली बेंगळुरूत सरकारी साबण कारखाना काढला होता आणि त्यात विश्वेश्वरय्यांचा हात होता, एवढं सांगून बघितलं. पंत म्हणाले, “त्यांच्याही आधी जा.” आणि ते स्वतःच गेले. थेट शहाजीराजांपर्यंत. “१६३८ साली बेंगळूर राजांच्या जहागिरीत आलं. दक्षिणेतल्या धुळीत घोड्यावर आयुष्य गेलं त्यांचं. त्यांच्या फडावर काय बाटल्या होत्या? शिकेकाईच ना?” ग्रंधिगे अंगडीत गिऱ्हाइकं जमायला लागली होती. दुकानदाराने पाव किलो जास्त तोलून आम्हाला वाटेला लावलं.

पंतांच्या मनात एक जुनी आशा होती, की अज्जींकडे काहीतरी गुपित असणार. ऐंशीच्या घरातल्या बाई, मल्नाडकडच्या, केसांची वेणी अजून कमरेखाली. अशा बाईला रानातल्या कुठल्या तरी पानाची माहिती नसेल असं होईल का? एका रविवारी पंत फळं घेऊन खाली गेले. मला साक्षीला नेलं, कारण माझं कन्नड जरा बरं आहे. पंतांनी पाटावर बसावं तसं जमिनीवर बसून हात जोडले आणि विचारलं, “अज्जी, तुमच्या लहानपणी डोक्याला काय लावायचे?”

अज्जी खुलल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरायचा सण. तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याला चुन्याच्या रेघा ओढायच्या, गळ्यात वेलाची माळ घालायची, चुलाण्यावर चढवायचा. पहाटे एरंडेल तेल डोक्यावर इतकं थापायचं की ते भुवयांवरून गळायचं. मग आईच्या गुडघ्यांत मान. एका हाताने आई मान दाबून धरणार, दुसऱ्या हाताने सीगेपुडी चोळणार, आणि तिसरी कुणीतरी काकू कढत पाणी ओतणार. “कण्णु उरी!” अज्जींनी डोळे घट्ट मिटून दाखवले. डोळ्यांची आग. घरातली आठ-दहा पोरं एकामागून एक रडत बाहेर यायची, अंगणात डोळे चोळत बसायची. त्याआधी आठवडाभर बायकांनी शिकेकाई उन्हात वाळवून उखळात कांडलेली असायची, नाकाला पदर बांधून. जास्वंदीची पानं चोळून त्याचा बुळबुळीत रस काढायचा तो वेगळा.

पंतांनी ‘जास्वंदीची पानं’ हे लिहून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “आणि आता? आता काय लावता?”

अज्जी म्हणाल्या, “शांपू.”

पंतांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अज्जींनी कमरेचा बटवा सोडावा इतक्या सहजतेने उशाखालून एक निळी पुडी काढली. “यारु कुट्तारे?” त्या म्हणाल्या. कुटणार कोण? सासू गेली त्या वर्षी उखळ मागल्या अंगणात पालथं घातलं आणि त्यावर कुंडी ठेवली, ती अजून आहे. मग पंतांचा पडलेला चेहरा बघून त्यांना कीव आली. “नन्न हत्र इन्नोंदु इदे, बेका?” माझ्याकडे आणखी एक आहे, हवी का?

पंत जिना चढताना एवढंच म्हणाले, “बिघडवलं हो लोकांना या कंपन्यांनी.” उखळाचं काही बोलले नाहीत.

२०२४ च्या मार्चमध्ये परीक्षा आली. पाऊस आधीच्या वर्षी फसला होता, शहरातल्या बोअरवेली एकामागून एक कोरड्या पडल्या, टँकरची वाट बघत लोक फाटकात उभे राहायला लागले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड, असा हुकूम निघाला. अज्जींच्या अंगणातली बोअरवेल गेली. नळाचं पाणी खालच्या टाकीत पडायचं तेही मोजकं. अशा वेळी पंतांचं न्हाणं म्हणजे प्रश्नच होता. शाम्पूने पोराटोरांचं डोकं अर्ध्या-पाऊण बादलीत निघतं. पूड निघायला तीन बादल्या लागतात, आणि तरी कळांवर कण पडायचे ते पडतातच. अज्जींनी निरोप पाठवला की गाडीला दंड आहे तर डोक्यालाही असावा.

निसर्गाने सांगितलेला मार्ग निसर्गाच्याच पाण्याला परवडत नाही, हा पेच दुसऱ्या कुणाला गप्प करून गेला असता. पंतांनी त्यातून नवा सिद्धांत काढला: केस धुवायचेच नाहीत. ते आपोआप स्वच्छ होतात. “निसर्गात कुठला प्राणी डोकं धुतो, सांगा!”

“म्हैस,” वहिनी आतून म्हणाल्या.

तो सिद्धांत मृगाच्या पावसापर्यंत टिकला. त्या काळात पंत बाल्कनीत एकटे चहा घेत. पहिली सर आली तशी वहिनींनी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेऊन उभं केलं.

त्या दिवाळीला सांगलीहून पंतांचे वडील आले. वय चौऱ्याऐंशी, काठी नाही, चष्मा वाचण्यापुरता, आणि डोक्यावर, काय सांगू, पांढऱ्याशुभ्र केसांचं रान. मागे वळवलेले, कपाळावर तोच झुपका. दिवाणखान्यातल्या आजोबांच्या फोटोत पागोट्याखालूनही तोच बाहेर डोकावतो. पंतांनी नरकचतुर्दशीचा बेत जंगी केला होता. अज्जींचा हंडा मागून आणला, तिळाचं तेल तापवलं, उटणं कालवलं, आणि चांदीच्या वाटीत खास बारीक चाळलेली पूड. पहाटे पाच वाजता मलाही हजेरीला बोलावणं आलं.

बाबांनी तेल लावून घेतलं, उटणंही लावून घेतलं. पूड पुढे आली तशी त्यांनी वाटीवर हात ठेवला. “हे नको रे. लहानपणी आईनं धरून धरून चोळलं, पुरे झालं. वडी आण.”

“कसली वडी, बाबा?”

“कपड्याची. कसली म्हणजे? मी काय घेतोय रोज?”

घरात कपडे यंत्रात धुतले जातात, वडी नव्हती. मीच घरून आणली. बाबांनी ती पिवळी वडी डोक्यावर चांगली आडवी-उभी फिरवली, खराखरा चोळली, दोन तांबे पाणी ओतलं आणि पंचाने डोकं पुसत बाहेर आले. साठ-सत्तर वर्षं हेच चालू होतं म्हणे. कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा एकाच वडीत कपडे, डोकं आणि सायकल निघायची, ती सवय. आरशापुढे उभं राहून त्यांनी कंगवा फिरवला. पंत दारात उभे राहून बघत होते. मी काही बोललो नाही. आजोबांच्या फोटोकडे मात्र सहज नजर गेली, आणि पंतांनी ती पकडली.

मला वाटलं, आता तरी. पण खऱ्या श्रद्धेला पुराव्याचं वावडं नसतं, ती पुरावाही पचवते. फराळाच्या वेळी पंतांचा चेहरा पुन्हा उजळला होता. चकली मोडता मोडता म्हणाले, “बघा, म्हणजे पूर्वीच्या वडीत दम होता. तेल आणि क्षार, बस्स. आताच्या वडीत काय काय घालतात कुणास ठाऊक. मूळ वडी मिळायला हवी.” क्षार म्हणजे कारखाना आणि कारखाना म्हणजे पाश्चात्त्य, हे प्रमेय त्यांनी कधी मागे घेतलं ते कळलं नाही. बाबा म्हणाले, “तुझ्या आजोबांना विचार,” आणि फोटोकडे बोट करून दुसरा लाडू घेतला.

हल्ली पंत माधवन पार्कात फिरत नाहीत, वाकत असतात. इथल्या रस्त्यांवर होंगेची झाडं भरपूर, म्हणजे आपला करंज. त्याच्या चपट्या शेंगा खाली पडतात, त्या ते पिशवीत गोळा करतात. करंजाच्या तेलाचा साबण होतो, हे खरं आहे. तेल काढायचं घाण्यावर, राखेचं क्षारपाणी काढायचं गच्चीवर, असा बेत आहे. राखेसाठी चुलाणं हवं, चुलाण्यासाठी लाकूड हवं, लाकडासाठी अज्जींची परवानगी हवी. अज्जींनी अजून होय म्हटलेलं नाही, पण त्यांनी गच्चीवरचे पापड उचलून खाली आणले आहेत.

काल संध्याकाळी मी फोर्थ ब्लॉकातून भाजी घेऊन येत होतो. वहिनी बाल्कनीतच उभ्या होत्या, माझी वाट बघत असाव्यात. आत एकदा मागे पाहून त्यांनी खाली वाकून हाक मारली.

“भावजी! राखेनं साबण धरत नाहीये. ते आता तुम्हाला कॉस्टिक सोडा कुठे मिळतो विचारायला येतील. तुम्हाला माहीत नाही. काय? तुम्हाला माहीत नाही!”